लठ्ठपणाची शस्त्रक्रिया आणि सोबतीची माणसे

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी मधुमेह किंवा रक्तदाब यांवर चार पाने लिहून मोकळा होतो. या वेळी ठरवले की, ज्या विषयात मी डॉक्टरही आहे आणि रुग्णही, त्यावरच लिहावे. जानेवारी २०१७ मध्ये माझ्यावर लठ्ठपणासाठीची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा माझे वय चोपन्न, उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन १२८ किलो होते. इंदूरच्या आपल्या मराठी वस्तीत इतकी वर्षे दवाखाना चालवत असल्याने माझे आकारमान कोणापासून लपलेले नव्हते. शस्त्रक्रिया मात्र मी दोन वर्षे लपवली. वजन कसे उतरले, असे कोणी विचारले की ‘रोज चालायला जातो’ एवढेच सांगत राहिलो. ते अर्धसत्य ऐकून माझ्या ज्या रुग्णांनी स्वतःच्या न उतरणाऱ्या वजनाबद्दल स्वतःलाच दोष दिला असेल, त्यांची मी येथे क्षमा मागतो.

आधी थोडे शास्त्र. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो तो बॉडी मास इंडेक्स. माझा ४५ होता. १९९१ साली अमेरिकेत ठरलेल्या निकषांनुसार हा आकडा ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर असून सोबत मधुमेहासारखा आजार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होई. २०२२ मध्ये हे निकष सैल झाले. आपणा आशियाई लोकांत चरबी पोटाभोवती साठते आणि मधुमेह कमी वजनातच गाठतो, म्हणून आपल्यासाठी ही रेषा आणखी खाली, २७.५ पर्यंत आणली गेली आहे. अर्थात रेषा ओलांडली म्हणजे शस्त्रक्रिया करायलाच हवी असे नव्हे. २०२५ पासून सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड यांची इंजेक्शने वजनासाठी आपल्याकडेही मिळू लागली आहेत, आणि अनेकांना तो मार्ग अधिक योग्य ठरेल. त्याचा विचार प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांशी बोलून करावा.

आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास प्रथम केला. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण बारीक होतात, हे निरीक्षण त्यामागे होते. पुढे १९९० च्या दशकात ती दुर्बिणीतून होऊ लागली. आज मुख्यतः दोन प्रकार चालतात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग काढून उरलेल्याची केळ्याच्या आकाराची नळी करतात. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची साधारण ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. मला मधुमेह आणि तीव्र आम्लपित्त दोन्ही असल्याने माझ्यासाठी बायपास निवडला गेला.

पुष्कळांचा, त्यांत डॉक्टरही आले, असा समज असतो की पोट लहान केले म्हणून माणूस कमी खातो आणि बारीक होतो. ते अपुरे आहे. जठराच्या वरच्या भागातून भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक स्रवते. त्याचा शोध १९९९ साली जपानी संशोधकांनी लावला. शस्त्रक्रियेनंतर घ्रेलिन आणि जीएलपी-१ यांसारख्या संप्रेरकांचा सगळा मेळ बदलतो. भूक आणि तृप्ती यांची भाषाच बदलते म्हणा ना. म्हणूनच वजन उतरण्याच्या कितीतरी आधी, काही दिवसांतच अनेकांची रक्तशर्करा खाली येते. वॉल्टर पोरीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट १९९५ मध्ये मांडली तेव्हा वैद्यकविश्व चकित झाले होते. माझे इन्सुलिन दहाव्या दिवशी बंद झाले. लठ्ठपणा हा केवळ जिभेचा दोष आहे हे मत मी त्या दिवशी सोडले. तोवर ते माझेच मत होते, आणि त्याचा त्रास एका बाईंना झाला होता.

त्या बाई म्हणजे आमच्या वस्तीतल्या एक निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना ताई म्हणतात. रक्तदाब आणि गुडघेदुखी यांसाठी त्या वर्षानुवर्षे माझ्याकडे येत. प्रत्येक वेळी मी सांगे, ‘ताई, कमी खा आणि चाला.’ माझा वजनकाटा १२० किलोपर्यंतचाच होता. एके दिवशी त्या उभ्या राहिल्या आणि काटा टोकाला जाऊन टेकला. मी हसत म्हणालो, “आता तुम्हाला छावणीच्या धान्यमंडीतल्या काट्यावर न्यावे लागणार!” त्याही हसल्या. त्यानंतर तीन वर्षे त्यांचा मुलगाच येऊन औषधे लिहून नेत असे. २०१५ मध्ये एक बाई आत आल्या, आणि आवाज ऐकेपर्यंत मी त्यांना ओळखलेच नाही. आदल्या वर्षी त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती. मला न विचारता, न कळवता. काटा टोकाला टेकलेला तो दिवस त्यांच्या पूर्ण लक्षात होता, हे मला पुढे त्यांच्याच तोंडून कळले.

दीड वर्षाने माझ्यावर वेळ आली तेव्हा मी त्यांच्याच दारात गेलो. ज्या रुग्णालयात माझी शस्त्रक्रिया व्हायची होती तेथील शल्यविशारद निष्णात होते. पण आहाराचा कागद जो हाती पडला त्यात चिकन सूप, उकडलेले मासे आणि परदेशी पेयांची नावे होती. वरण-भात-भाजी खाणाऱ्या घरात त्यातले काय करायचे, हे कोणी सांगितले नाही. ताईंच्या गच्चीवर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाचसहा जण जमत. सगळे शस्त्रक्रिया झालेले किंवा होऊ घातलेले. त्यांत एक मराठी बँक अधिकारी, एक सिंधी कापड व्यापारी, एक माळवी गृहिणी होती. मी गेलो तो मनात थोडा संकोच आणि बराचसा अहंकार घेऊन.

पूर्वतयारीचे वैद्यकीय अंग आपण डॉक्टर जाणतोच: एन्डोस्कोपी, पोटाची सोनोग्राफी, हृदय आणि फुप्फुसांची तपासणी, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, मानसिक मूल्यमापन. धूम्रपान किमान सहा आठवडे आधी बंद. झोपेत घोरणाऱ्या आणि श्वास अडणाऱ्या रुग्णाची स्लीप अ‍ॅप्नियासाठी तपासणी. माझ्या बाबतीत ती सकारात्मक निघाली आणि रात्री मुखवट्याचे यंत्र लावून झोपण्याची सवय आधीच करावी लागली. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी ‘ग्लिफ्लोझिन’ गटातल्या तीन-चार दिवस आधी थांबवणे विसरू नये. शर्करा फारशी वाढलेली नसतानाही त्यांनी रक्तात धोकादायक आम्लता येऊ शकते. शेवटचे दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार असतो. त्याने यकृतातली चरबी उतरते, यकृत आकसते आणि शल्यविशारदाला त्यामागचे जठर नीट दिसते. हे दोन आठवडे वजन उतरवण्याची परीक्षा नसून शस्त्रक्रियेसाठी वाट मोकळी करणे आहे, एवढे रुग्णाला समजावले तर तो ते मनापासून पाळतो.

ताईंनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला. “डॉक्टरसाहेब, रात्री दवाखाना बंद केल्यावर तुम्ही काय करता?” मी खरे सांगितले नाही. खरे असे की, दहाला दवाखाना मिटला की माझी गाडी आपोआप सराफ्याकडे वळे. हिवाळ्यात गराडू, एरवी भुट्ट्याचा कीस, शेवटी जिलेबी. त्यात भूक नसे; दिवसभर दुसऱ्यांची दुखणी ऐकून आलेला शीण असे. ताईंनी चौदा दिवस खाल्लेला प्रत्येक घास वहीत लिहायला सांगितला, वेळ आणि मनःस्थितीसह. पहिल्या आठवड्यात मी जिलेबी लिहिलीच नाही. वही पाहून त्या म्हणाल्या, “माझ्याही पहिल्या वहीत श्रीखंड नव्हते.” त्या वाक्याने जे काम केले ते माझ्या मानसोपचारतज्ज्ञ मित्राच्या तासाभराच्या चर्चेने झाले नव्हते.

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. अनुभवी केंद्रांत मृत्यूचा धोका आज हजारात एक-दोनच्या घरात आहे, म्हणजे पित्ताशय काढण्यासारख्या नित्याच्या शस्त्रक्रियांपेक्षा फार वेगळा नाही. दुसऱ्या दिवशी औषधाच्या तीस मिलिलिटरच्या टोपणातून पाण्याचा पहिला घोट घेतला. ते टोपण संपवायला पंधरा मिनिटे लागली. पुढे पंधरा दिवस पातळ पदार्थ, मग पंधरा दिवस घोटून मऊ केलेले, मग मऊ अन्न, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण, तेही वाटीभर. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. मधल्या वेळात घोटघोट करून दीड लिटर. हे कागदावर सोपे दिसते. पाचव्या दिवशी घरी सौ.ने मुलांसाठी पोह्यांची फोडणी दिली, आणि मी आतल्या खोलीत बसून लहान मुलासारखा रडलो. रात्री ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “जुना सोबती गेला आहे तुमचा. दहा दिवस सुतक पाळा, मग बरे वाटेल.” मला हसू आले, आणि खरोखरच दहाबारा दिवसांनी बरे वाटले.

प्रथिनांचा हिशेब हा शाकाहारी घरातला सर्वांत कठीण भाग. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात. नव्या पोटात हे मावणार कसे? गटाने जी उत्तरे शोधली ती कोणत्याही आहारतज्ज्ञाच्या कागदावर मला आढळली नव्हती: रात्रभर टांगलेल्या दह्याचा चक्का, किंचित जिरेपूड घालून, मुगाच्या डाळीचे पनीर किसून घातलेले धिरडे, पहिले तीन महिने प्रथिनांची पूड ताकात, कारण दुधात तिचा वास सहन होत नाही. पानात आधी प्रथिने, मग भाजी, भाताला सर्वांत शेवटी जागा. चमचा बाळाचा. आणि पंगतीत आग्रह झाला तर शस्त्रक्रियेची कथा सांगत बसायचे नाही. ‘पथ्य आहे’ म्हणायचे. आपल्या समाजात ‘पुरे’ या शब्दाला कोणी किंमत देत नाही, पण पथ्यापुढे वाढपीसुद्धा हात आखडता घेतो.

मे महिन्यात एका लग्नात मी पथ्य मोडले. दोनच जिलेब्या. पंधरा-वीस मिनिटांत घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. हृदयविकाराचा झटका आला असे वाटून मी मांडवातून उठलो आणि एका सहकाऱ्याच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढला. तो स्वच्छ होता. हे ‘डम्पिंग’, साखर लहान आतड्यात एकदम उतरल्याने होणारा प्रकार. परीक्षेत मी त्याची लक्षणे लिहून गुण मिळवलेले होते. रविवारी गच्चीवर सांगितले तेव्हा कापडवाले शेठजी म्हणाले, “मला रबडीने शिकवले, तुम्हाला जिलेबीने.”

सोबतीचे महत्त्व वैद्यकाला नवे नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढच्या रुग्णांच्या पाठीशी उभी राहत आली आहेत. वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर गटात नियमित येणाऱ्यांचे वजन अधिक उतरते, असे पाहणीवर आधारलेले अनेक अभ्यास सांगतात. त्यात एक मेख आहे: जे मुळातच नेटाने पथ्य पाळतात तेच गटातही नेटाने येतात. तेव्हा श्रेय कशाला द्यावे हे नक्की ठरवता येत नाही. माझा अनुभव असा की, वजन उतरत असते तेव्हा गटाची गरज फारशी भासत नाही. ते पुन्हा चढू लागते तेव्हा भासते, आणि नेमके तेव्हाच माणूस गटापासून तोंड लपवतो. वर्षभरात मी ८६ किलोवर आलो होतो. २०१९ पासून आमच्या बैठका माझ्याच दवाखान्यात भरू लागल्या. २०२० मध्ये महासाथीमुळे त्या थांबल्या, आणि २०२१ च्या अखेरीस मी ९७ वर होतो. बैठका पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मी दोन वेळा कामाचे निमित्त सांगून वर घरातच बसलो. तिसऱ्या महिन्यात ताई दवाखान्यात आल्या. नंबर लावून, इतर रुग्णांसारख्या बाहेर बसून. आत आल्यावर त्यांनी पिशवीतून कोरी वही काढून टेबलावर ठेवली आणि रक्तदाब तपासून घेऊन निघून गेल्या. आज मी ९१-९२ च्या आसपास आहे. काही किलो परत येणे हे अपयश मानू नये, ते बहुतेकांच्या बाबतीत घडते, हे मी आता रुग्णांना आधीच सांगतो.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला तो सांगतो. २०२३ मध्ये गटात एक बावीस वर्षांची मुलगी आली. स्लीव्ह होऊन पाच आठवडे झालेले. तिला उलट्या होत होत्या; घास खाली उतरत नव्हता. गटातल्या प्रत्येकाने आपापली आठवण सांगून तिला धीर दिला. ‘सुरुवातीला होतेच’, ‘सावकाश चाव’, ‘मलाही महिनाभर होत होते.’ मीही तेच म्हणालो. दोन दिवसांनी अशक्तपणा वाटतो म्हणून ती दवाखान्यात आली, आणि मी तिला ग्लुकोजच्या दोन सलाईन लावल्या. तिसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन आला: मुलीला एकाची दोन माणसे दिसतात आणि चालताना तोल जातो. ते वर्निके होते. उलट्यांमुळे तीन आठवडे थायमिन पोटात गेले नव्हते, शरीरातला तुटपुंजा साठा संपला होता, आणि उरलेसुरले माझ्या ग्लुकोजने वापरून टाकले होते. दारूच्या रुग्णाला सलाईन लावण्याआधी थायमिन द्यायला मी पस्तीस वर्षांत कधी विसरलो नाही. समोर हसऱ्या चेहऱ्याची, कॉलेजची पिशवी घेतलेली मुलगी होती म्हणून ते मला आठवले नाही. रुग्णालयात तिला शिरेतून मोठ्या मात्रेत, दिवसातून तीनदा थायमिन सुरू झाले. दृष्टी काही दिवसांत सुधारली. पाय सरळ पडायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मी तिच्या घरी दर शनिवारी गेलो. तिच्या वडिलांनी मला एकदाही दूषण दिले नाही, आणि ते सोसणे फार जड होते.

म्हणून सहव्यवसायी बंधू-भगिनींना विनंती आहे. वजनाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तुमच्याकडे ताप-खोकल्यासाठी येईल, गुडघ्यासाठी येईल. त्याला सतत उलट्या होत असतील तर निदानाची वाट न पाहता आधी थायमिन, मगच ग्लुकोज. पहिल्या काही दिवसांत नाडी मिनिटाला १२० च्या वर राहत असेल तर पोट मऊ लागले तरी ‘घाबरला आहे’ म्हणून सोडू नका. जोड गळत असल्याची ती पहिली खूण असू शकते. बायपासनंतर महिन्यांनी, वर्षांनीही जेवणानंतर पोटात कळा येत असतील तर आतल्या हर्नियाचा विचार करा. बायपास झालेल्याला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन लिहू नका. जोडाजवळ व्रण होतो. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व ही जन्माची सोबत आहे. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचे अंतर हवे. तरुण स्त्रियांना आवर्जून सांगा की शस्त्रक्रियेनंतर गर्भधारणेची शक्यता वाढते, आणि तरीही बारा ते अठरा महिने थांबायला हवे. मद्य पूर्वीपेक्षा लवकर आणि अधिक चढते. जेवणाचा आधार गेलेला माणूस कधीकधी पेल्याचा आधार शोधतो, ही गोष्ट गटात उघडपणे बोलली जाते, दवाखान्यात सहसा नाही.

त्या प्रसंगानंतर गट बंद करावा असे माझ्या मनात आले होते. ताईंनी ते मानले नाही. त्याऐवजी बाहेरच्या खोलीत एक फळा लागला. त्यावर त्यांच्या वळणदार शिक्षकी अक्षरात लिहिले आहे: उलटी दोन दिवसांपेक्षा अधिक, ताप, धडधड, पोटात कळ, दोन दिसणे, तोल जाणे — यांवर येथे चर्चा नाही, आधी शल्यविशारदाला फोन. बाकी सगळ्यावर चर्चा आहे: केस गळण्यावर (तिसऱ्या महिन्यापासून गळतात, बहुतेक पुन्हा येतात), लोंबणाऱ्या त्वचेवर, नवरा-बायकोतल्या बदललेल्या वागणुकीवर, आणि ‘किती वाळलात हो!’ म्हणणाऱ्या नातेवाइकांवर. चतुर्थी-एकादशीच्या उपवासांवर तर दर वेळी वाद होतो. साबुदाणा नको, निर्जळी मुळीच नको, एवढ्यावर एकमत झाले आहे.

दवाखान्यातल्या हातांच्या खुर्च्या काढून मी रुंद बाकडी बसवली, रक्तदाबासाठी मोठ्या दंडाचा पट्टा आणला, आणि दोनशे किलोपर्यंतचा वजनकाटा पडद्याआड ठेवला. नवे येणारे आधी फोन करतात. फोन त्या मुलीकडे असतो. ती आता नोकरी करते आणि रविवारी सर्वांत आधी येऊन फळा पुसून पुन्हा लिहिते. पलीकडून कोणी बोलू लागले की नाव-गाव विचारण्याआधी ती विचारते, “उलट्या होतात का? किती दिवसांपासून?”